नोकरीला लागून सात आठवडे झाले, आणि जास्त पगाराची ऑफर आली

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २६, शिक्षण बी.ई. मेकॅनिकल. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फाउंड्रीत तीन वर्षं क्वालिटीत काढली. मग मामांच्या ओळखीने चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत लागला. सीटीसी, म्हणजे कंपनीला वर्षाला पडणारा एकूण खर्च, ६ लाख २४ हजार. त्याला सात आठवडे झाले. आता बंगळूरच्या एका इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीचं पत्र आलंय, ८ लाख ४० हजारांचं, सप्लायर क्वालिटीसाठी. मुलाखती चाकणला लागण्याआधीच दिल्या होत्या, निकाल आत्ता लागला. घराच्या कर्जाच्या हप्त्यासाठी गावी दर महिन्याला १५ हजार पाठवावे लागतात. वडील म्हणतात, मामाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मित्र म्हणतात, दोन लाख सोळा हजार जास्त मिळतायत, विचार कसला करतोस. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. जाऊ का?

आधी तुमच्या मनावरचं ओझं उतरवू. यात गद्दारी नाही. प्रोबेशन दोन्ही बाजूंनी असतं. तुमचं काम पटलं नाही तर पंधरा दिवसांच्या नोटिशीवर कंपनी तुम्हाला घरी पाठवू शकते, असं तुमच्याच अपॉइंटमेंट लेटरमध्ये लिहिलंय, आणि तेच कलम तुम्हालाही तितकंच लागू आहे. बावीस वर्षं मी एचआरमध्ये ही पत्रं काढते आहे, आधी पिंपरीत, मग रांजणगावला, आता चाकणला. प्रोबेशनमधला मुलगा येऊन ‘मॅडम, मला जायचंय’ म्हणाला म्हणून मला कधी राग आलेला नाही. राग कशाचा येतो ते पुढे सांगते.

माझं मत आताच सांगून टाकते. जायचं असेल तर आत्ता, पहिल्या दोन-तीन महिन्यांत जा. राहायचं ठरवलंत तर मग निदान दोन वर्षं राहा. या दोन्हींच्या मधे, सातव्या-आठव्या-दहाव्या महिन्यात सोडणं सगळ्यात महागात पडतं, आणि नेमकं तेच बहुतेक मुलं करतात. ऑफर नाकारतात, पण मनातून काढत नाहीत. रोज संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर मोबाइलवर नोकऱ्या बघत राहतात. काम अर्ध्या मनाने होतं, साहेबांच्या ते लक्षात येतं, पहिल्या अप्रेझलला रेटिंग मार खातं, आणि मग चिडून जी पहिली मिळेल ती नोकरी धरतात.

आत्ता सोडलंत तर कंपनीचं नुकसान किती? इंडक्शन, मेडिकल, बूट, युनिफॉर्म आणि तुमच्या साहेबांचा वेळ. तुमच्या मुलाखतीत दुसऱ्या नंबरवर राहिलेला उमेदवार अजून फोन उचलतो. आठव्या महिन्यात तुमच्या नावावर एक लाइन असते, एक कस्टमर असतो, पुढच्या ऑडिटची तारीख असते. बायोडेटा बघतानाही मला सात आठवड्यांची नोकरी समजते: चांगलं मिळालं, गेला. आठ महिन्यांची समजत नाही. काढला का, भांडला का, टिकत नाही का, हे प्रश्न तिथेच उभे राहतात.

आता पैशाकडे येऊ. तुम्ही दोन्ही पत्रांच्या पगाराचे तक्ते पाठवलेत ते फार बरं केलंत. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले, आणि तुम्हीही माझ्याबरोबर बसा, कारण तुमच्या मित्रांनी सांगितलेला दोन लाख सोळा हजारांचा आकडा कुठेच सापडत नाही.

चाकणचे ६ लाख २४ हजार म्हणजे महिन्याला ५२,०००. त्यातला बेसिक २६,०००. कंपनीने भरायचा पीएफ १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे १,८०० रुपये, तो यातच धरलेला आहे. ग्रॅच्युइटीही यातच: बेसिकच्या ४.८१ टक्के, १,२५१ रुपये. (हा ४.८१ कुठून येतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून; तो बारा महिन्यांवर वाटला की एवढा येतो.) दोन्ही वजा केल्यावर ४८,९४९ उरतात. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला, की हातात ४६,९४९. नव्या करप्रणालीत तुमच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही, कारण ७५,००० ची प्रमाणित वजावट केल्यावर तुम्ही १२ लाखांच्या खूपच खाली आहात.

आता बंगळूर. ८ लाख ४० हजारांपैकी व्हेरिएबल १५ टक्के, म्हणजे १ लाख २६ हजार, वर्षाच्या शेवटी, ‘कंपनीच्या आणि व्यक्तीच्या कामगिरीनुसार’. जॉइनिंग बोनस ६०,००० त्याच आकड्यात, तोही पहिल्या वर्षापुरता, आणि वर्षाच्या आत सोडलंत तर परत करायचा. विम्याचा हप्ता १२,००० तोही त्यातच. हे सगळं बाजूला काढलं की राहतात ६ लाख ४२ हजार, महिन्याला ५३,५००. बेसिक ३५,०००, आणि तिथे पीएफ पूर्ण बेसिकवर कापतात. कंपनीचा वाटा ४,२००, ग्रॅच्युइटी १,६८४. उरले ४७,६१६. त्यातून तुमचे ४,२०० आणि २०० वजा. हातात ४३,२१६.

पुन्हा वाचा. ६ लाख २४ हजारांच्या नोकरीत हातात सत्तेचाळीस हजार, आणि ८ लाख ४० हजारांच्या नोकरीत त्रेचाळीस. महिन्याला साडेतीन हजारांहून जास्त कमी.

हे लबाडीचं पत्र आहे असं मी म्हणत नाही. पीएफचे पैसे तुमचेच आहेत. तिकडे महिन्याला ८,४०० साठतील, इकडे ३,६०० साठतात. व्हेरिएबल सत्तर टक्के मिळाला असं धरलं, बोनस आणि पीएफ मिळवला, तर पहिल्या वर्षी बंगळूर साधारण १ लाख ६१ हजारांनी पुढे आहे. दुसऱ्या वर्षी जॉइनिंग बोनस नाही, म्हणजे १ लाख १ हजारांनी. हा खरा फरक, आणि तोसुद्धा बराचसा साठवणीत आणि वर्षाअखेरच्या आशेत अडकलेला. गावचा हप्ता दर महिन्याला भरायचा असतो, तो साठवणीतून भरता येत नाही. शिवाय चाकणला तुम्ही तिघांत खोली घेऊन राहता, कंपनीची बस आहे, कँटीनमध्ये सवलतीत जेवण आहे. बंगळूरला खोलीचं डिपॉझिट, भाडं, रोजचा प्रवास, दिवाळी-गणपतीला कोल्हापूरचं तिकीट, हे सगळं त्या त्रेचाळीस हजारांतून. एका कागदावर हा हिशेब मांडून वडिलांनाही दाखवा. ते लोकलाजेचं बोलतायत, पण त्यांना काळजी हप्त्याची आहे, असं मला तुमच्या पत्रावरून वाटलं.

पगारापलीकडे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: सात आठवड्यांनी तुम्हाला या जागेबद्दल काय कळलंय. सहाव्या ते आठव्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येकाला नोकरी आवडेनाशी होते. नवलाई संपलेली असते, स्वतःचं काम अजून हातात आलेलं नसतं, जेवायला कोणाशेजारी बसायचं हेही ठरलेलं नसतं. ‘मला नुसतं गेज कॅलिब्रेशनचे (मोजमापाची साधनं तपासल्याचे) रेकॉर्ड भरायला लावतात’ असं तुम्ही लिहिलंत. सातव्या आठवड्यात तेच देतात. त्यावरून निष्कर्ष काढू नका. पण काही गोष्टी मात्र सात आठवड्यांत पक्क्या कळतात. पगार सांगितलेल्या तारखेला येतो का. कापलेला पीएफ तुमच्या पासबुकात दिसतो का. पत्रात लिहिलेलं डिपार्टमेंट आणि खरं डिपार्टमेंट एकच आहे का. प्रेसचे सेफ्टी सेन्सर बायपास करून काम चालतं का. वरचे लोक खालच्यांशी कसे बोलतात, विशेषतः लाइन थांबल्यावर. यातलं एकही बिघडलेलं असेल तर दुसरी ऑफर नसती तरी मी जा म्हटलं असतं. तुमच्या पत्रात उलट दिसतं: साहेब स्वतः शॉपफ्लोअरवर उभे राहून एट-डी (तक्रारीचं मूळ शोधून उपाय मांडणारा रिपोर्ट) कसा लिहायचा ते शिकवतात. असा साहेब पंचवीस-तिसाव्या वर्षी मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

बंगळूरच्या बाजूनेही बोलते. सप्लायर क्वालिटी म्हणजे एका प्लांटच्या आत न राहता दहा पुरवठादारांचे प्लांट बघणं. कास्टिंग, मशीनिंग, प्लास्टिक, वायरिंग हार्नेस, सगळं. पीपॅपची (नवा पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घ्यायची) फाइल दुसऱ्याने भरलेली तपासायला लागलं की स्वतः भरताना केलेल्या चुका दिसायला लागतात. शिरोलीची तीन वर्षं तुम्हाला तिथे फार उपयोगी पडतील, कारण पोरॉसिटीचा, म्हणजे आत बारीक पोकळ्या राहिलेला, पार्ट हातात आल्यावर तो का झाला हे ऑफिसात बसलेल्याला कळत नाही, फाउंड्रीत घाम गाळलेल्याला कळतं. म्हणून ही ऑफर मी सरसकट फेकून द्या म्हणत नाही. पण त्यांना तीन गोष्टी विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या. गेल्या दोन वर्षांत या पदाला व्हेरिएबल प्रत्यक्षात किती टक्के मिळाला? पीएफ १५,००० च्या मर्यादेवर ठेवायची मुभा आहे का? (असेल तरी हातात ४८,०१६ येतात, म्हणजे आजच्यापेक्षा हजारभरच जास्त.) आणि जॉइनिंग बोनसऐवजी तेवढी रक्कम ठरलेल्या पगारात टाकाल का? एचआरवाले याला ‘पॉलिसी नाही’ म्हणतील. मीही म्हणते. पण ज्या उमेदवाराची खरंच गरज असते, त्याच्यासाठी फाइल वर पाठवतेच.

आता बाँड. चाकणच्या कंपनीने तुमच्याकडून एक वर्षाचं ट्रेनिंग अ‍ॅग्रीमेंट घेतलंय, सोडल्यास ५०,००० रुपये. मित्र सांगतात बाँडला कायद्यात किंमत नाही. हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं फार नडतं. कोर्ट कुणाला नोकरीत डांबून ठेवत नाही. सोडून गेल्यावर दुसरीकडे काम करू नका अशी बंदी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही. पण ठरावीक मुदतीच्या आत सोडलं तर वाजवी भरपाई द्यायची, हे कलम टिकू शकतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा असाच बाँड, तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख, वैध ठरवला. त्यात सरकारी भरतीचा खर्च आणि वेळ हा मुद्दा मोठा होता, त्यामुळे तो जसाच्या तसा तुम्हाला लागू होईल असं नाही. खाजगी कंपनीला तुमच्यावर खरोखर खर्च झाला हे दाखवावं लागतं, आणि सात आठवड्यांत तुमचं बाहेरचं कुठलंही प्रशिक्षण झालेलं नाही. बोलून ही रक्कम बहुतेक वेळा कमी होते, कधी माफही होते. पण ती शून्य धरून हिशेब करू नका. आणि मूळ प्रमाणपत्रं कंपनीत जमा केली असतील तर आजच मागून घ्या. पडताळणी झाल्यावर ती ठेवून घ्यायचं कारण नाही.

ऑफर हातात म्हणजे काय, हेही नीट समजून घ्या. राजीनामा त्या दिवशी द्यायचा, ज्या दिवशी सही केलेलं पत्र, पगाराचा तक्ता, रुजू व्हायची तारीख आली आणि मेडिकल झालं. फोनवरच्या ‘वेलकम ऑनबोर्ड’वर कधीही नाही. २०२२-२३ मध्ये हातात पत्र असलेली कितीतरी मुलं महिनोन्‌महिने जॉइनिंगची वाट बघत बसली होती, काहींची पत्रं रद्द झाली. इलेक्ट्रिक गाड्यांच्या नव्या कंपन्यांचं गणित बरंचसं गुंतवणूकदारांच्या पैशावर चालतं. तिथे काम करणारा कुणी ओळखीचा असेल तर गेल्या सहा महिन्यांत पगार वेळेवर झाले का, माणसं कमी केली का, एवढं विचारून घ्या.

आता त्या रागाबद्दल. पंधराएक वर्षांपूर्वी मी रांजणगावला होते. एक मुलगा, तुमच्याच वयाचा, सात तारखेला पगार जमा झाला आणि आठ तारखेपासून येईना. फोन बंद. तीन दिवस झाले, नियमाप्रमाणे गैरहजेरीचं पत्र रजिस्टर्ड पोस्टाने कायमच्या पत्त्यावर पाठवायचं होतं. त्याआधी एकदा घरच्या नंबरवर फोन करून बघावा म्हणून लावला. आईने उचलला. मी कंपनीतून बोलतेय म्हटल्यावर पलीकडे क्षणभर काहीच नाही, आणि मग, ‘काय झालं त्याला?’ त्यांना वाटलं मशीनमध्ये हात गेला. मी अपघात नाही, काही नाही, म्हणून सांगत राहिले, पण तो कामावर आलेला नाही हेही सांगावंच लागलं. त्याचे वडील रात्रीच्या एसटीने निघून सकाळी साडेसहाला गेटवर येऊन उभे होते. हातात पिशवी, पिशवीत मुलाचा फोटो. मुलगा तोपर्यंत गुजरातला दुसऱ्या कंपनीत रुजू झालेला. पगार चार हजारांनी जास्त होता. लॉकर उघडला तर आत सेफ्टी शूज होते, नीट जोडून ठेवलेले.

तो वाईट मुलगा नव्हता. समोर येऊन ‘जातो’ म्हणायचा धीर झाला नाही, एवढंच. मी त्याला दोन दिवसांत रिलीव्ह केलं असतं.

म्हणून सांगते, जायचं ठरलं तर ईमेलच्या आधी साहेबांना भेटा. शिफ्ट सुरू होताना नाही, आणि लाइन थांबलेली असताना तर मुळीच नाही. दुपारच्या चहानंतर दहा मिनिटं मागा. पहिल्याच वाक्यात सांगा की मी जातोय, कारण एका वाक्यात सांगा, कंपनीची तक्रार करू नका. पगार वाढवून मागू नका. सात आठवड्यांच्या माणसाने दुसरं पत्र दाखवून पगार वाढवून घेतला, तर पैसे मिळतीलही, पण पुढचं प्रत्येक अप्रेझल त्या दिवसाच्या आठवणीने होतं.

आणि साहेबांच्याही आधी मामांना. त्यांनी शब्द टाकला होता. ही बातमी त्यांना कंपनीतल्या त्यांच्या ओळखीच्या माणसाकडून कळता कामा नये. फोन करा, शक्य असेल तर रविवारी गाठा. ‘मामा, तुमच्यामुळे मला चाकणला पाय ठेवता आला. आता असं असं आलंय. मी नोटीस पूर्ण करून, काम हातावेगळं करून जाणार आहे, तुम्हाला खाली बघावं लागेल असं वागणार नाही.’ मामा थोडे रागावतील. पण ज्याची शिफारस केली तो पूर्ण नोटीस देऊन, सगळं सोपवून गेला, तर शिफारस करणाऱ्याचा शब्द पुढच्या वेळीही चालतो. माझ्याकडे अशा लोकांचे भाचे-पुतणे पुन्हा आले आहेत आणि मी घेतले आहेत.

सात आठवडे बायोडेटातून गाळायचे का, असंही विचारलंत. गाळू नका. तुमचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच असतो, आणि पीएफच्या नोंदीत प्रत्येक कंपनीची रुजू व्हायची आणि सोडायची तारीख दिसते; पडताळणी करणारे आधी तीच बघतात. नव्या ठिकाणी दुसरा यूएएन काढू नका, जुना द्या आणि रक्कम ट्रान्सफर करा, काढू नका. सलग सेवा पाच वर्षं भरण्याआधी काढली तर त्यावर कर लागतो, आणि ट्रान्सफर केली तर शिरोलीची वर्षंही मोजली जातात. चाकणची सोडल्याची तारीख कंपनीने भरली नाही, तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः पोर्टलवर भरू शकता. दोन कंपन्यांच्या तारखा एकमेकींवर चढू देऊ नका, एका दिवसानेसुद्धा. गटविमा शेवटच्या दिवशी संपतो. घरच्यांची नावं त्यात असतील तर मधल्या दिवसांची सोय आधी बघा. हिशेबाचं म्हणाल तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामकाजी दिवसांत राहिलेला पगार चुकता करायची तरतूद आहे. अनेक ठिकाणी अजून जुन्या सवयीने महिना-दीड महिना लावतात, तेव्हा नम्रपणे पण लेखी विचारा. नोटिशीचे दिवस कमी पडले म्हणून पैसे कापले, तर त्यावर कोणी जीएसटी लावू पाहील. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने तो लागत नाही हे स्पष्ट केलंय.

मग तुम्ही जायचं का? आज हातात असलेल्या कागदावर, नाही. महिन्याचा हातात येणारा पगार घटतोय, बाँडचे ५०,००० टांगलेले आहेत, आणि शिकवणारा साहेब सुटतोय. बंगळूरने हातातला पगार ५८ हजारांच्या वर नेला, तोही ठरलेल्या पगारात, तर माझं मत उलटं होईल, कारण काम चांगलं आहे आणि तुमचं वय जायचं आहे. शुक्रवारची वाट बघू नका, उद्या सकाळीच त्यांच्या एचआरला फोन करा आणि तीन प्रश्न विचारा. त्यांनी ‘जमणार नाही’ म्हटलं तर त्याच फोनवर आभार मानून नकार द्या, आणि नोकरीचं ते अ‍ॅप मोबाइलवरून काढून टाका.

जमलं तर मामा, मग साहेब, मग राजीनामा, या क्रमाने. आणि पंधरा दिवसांच्या नोटिशीत तो कस्टमर कम्प्लेंटचा अर्धा राहिलेला एट-डी पूर्ण करा. तुमच्या नावावरच्या गेजची यादी टूलरूममध्ये सही घेऊन द्या. बूट आणि ओळखपत्र स्वतःच्या हाताने टाइम ऑफिसला जमा करा, आणि पोचपावतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.